झेड/व्हीएमसाठी परफॉर्मन्स मॉनिटर निवडताय? खरेदीच्या आधी एवढं करा

"सर, झेड/व्हीएमसाठी सगळ्यात भारी मॉनिटरिंग टूल कुठलं?" हा प्रश्न मला वर्षभरात तीन-चार जणांनी विचारला. (झेड/व्हीएम म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवर अनेक आभासी मशिन चालवणारी सिस्टिम, म्हणजे हायपरवायझर.) सगळी इकडचीच पोरं, सांगली-मिरज-तासगावची. कॉलेजात जावा-पायथन शिकलेली, पुण्यात नोकरीला लागलेली, आणि तिथे मेनफ्रेमच्या टीमवर टाकलेली. पहिल्या आठवड्यात काळा-हिरवा पडदा आणि दुसऱ्या आठवड्यात "जरा टूल्सची तुलना करून एक शीट बनव" असा निरोप. प्रत्येकाला फोनवर तेच तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

मी सांगलीत, विश्रामबागच्या घरात बसून दूरच्या एका क्लायंटचं झेड/व्हीएम सांभाळतो. खाली झेड/व्हीएम आणि त्यावर शंभराच्या वर लिनक्स गेस्ट. सुरुवातीला मीही आधी टूल शोधायला निघालो होतो. महिनाअखेरच्या एका रात्री दीड ते तीन सगळं संथ झालं. लिनक्सवाल्यांचा ग्राफ म्हणत होता की सीपीयू साठ टक्केच वापरलाय. आमच्याकडे झेड/व्हीएमच्या बाजूचं काहीच नव्हतं, कारण कुणी साठवतच नव्हतं. सकाळी सगळं सुरळीत. मग अकरा जणांची मीटिंग, आणि "काय झालं होतं?" याला एकाकडेही उत्तर नाही. त्यानंतर दोन महिने टूल निवडण्यात गेले. त्या दोन महिन्यांतला डेटासुद्धा आम्ही साठवला नाही, आणि त्यासाठी एक पैसाही लागला नसता. हे मला फार उशिरा कळलं.

(आज्ञा इथे बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांतच टाकायच्या.)

० : पाच शब्द आधी पक्के करा

सीपी म्हणजे कंट्रोल प्रोग्रॅम, खरा हायपरवायझर. सीएमएस म्हणजे त्यावर चालणारी छोटी, एका माणसापुरती ऑपरेटिंग सिस्टिम; कामाची बरीच साधनं तिच्यातच चालतात. गेस्ट म्हणजे वरची व्हर्च्युअल मशिन. आयएफएल म्हणजे लिनक्ससाठी विकत घेतलेला प्रोसेसर, आणि सगळ्या पैशाची गोष्ट त्याच्यापाशीच येऊन थांबते. एलपार म्हणजे हार्डवेअरनेच पाडलेला वाटा. झेड/व्हीएम स्वतः बहुतेक वेळा एलपारमध्येच चालतं, म्हणजे त्याच्याही खाली एक वाटणी असते. हे विसरलात की आकडे जुळत नाहीत.

या घराण्याचं व्हीएम/३७० १९७२ साली जाहीर झालं. म्हणजे "कोण किती सीपीयू खातंय" हा प्रश्न इथे पन्नास वर्षं विचारला जातोय. मोजायची सोय सीपीच्या पोटातच आहे. बाजारातली टूल्स बहुतांशी तेच आकडे घेऊन मांडतात.

१ : प्रश्न कागदावर लिहा

टूलचं ब्रोशर उघडण्याआधी टीममधल्या प्रत्येकाला विचारा की त्याला नेमकं काय कळायला हवं. आमच्याकडे निघालेले प्रश्न असे होते:

- आत्ता, या मिनिटाला, कोण अडलंय आणि कशासाठी?
- काल रात्री दोन वाजता काय झालं होतं?
- पुढचा आयएफएल कधी घ्यावा लागेल?
- कुठल्या विभागाला किती बिल लावायचं?
- रात्री काही बिघडलं तर कुणाचा फोन वाजणार?

पहिल्याला रिअल-टाइम पडदा लागतो. दुसऱ्याला मिनिटामिनिटाचा इतिहास लागतो, तोही काही आठवड्यांचा. तिसऱ्याला वर्षाचा इतिहास पुरतो, पंधरा मिनिटांच्या सरासरीत चालतं. चौथ्याला परफॉर्मन्स टूल वापरूच नका; सीपीचे अकाउंटिंग रेकॉर्ड त्यासाठीच असतात. पाचव्याला तुमच्या कंपनीत आधीच असलेल्या अलर्टच्या यंत्रणेशी बोलणारं काहीतरी लागतं. पाचही गोष्टी एकाच टूलमध्ये उत्तम मिळतील असं कुणी सांगितलं, तर डेमोत वरच्या यादीतला दुसरा प्रश्न विचारा. बऱ्याचदा तिथेच गाडी अडते.

२ : हाताशी आहे ते आधी वापरून बघा

इंडिकेट लोड ही पहिली आज्ञा. प्रोसेसरचा सरासरी वापर, पेजिंगचा (मेमरीतली पानं डिस्कवर ने-आण करण्याचा) वेग, रांगेत किती जण आहेत ते एका पडद्यावर दिसतं. आकडे गुळगुळीत केलेली सरासरी असतात, त्यामुळे दहा सेकंदांची उसळी यात दिसत नाही. नवखे इथेच फसतात. इंडिकेट युजरमध्ये एकेका गेस्टचा हिशोब मिळतो. इंडिकेट क्यूज एक्सपमध्ये आत्ता डिस्पॅच लिस्टमध्ये (सीपीयूच्या रांगेत) कोण आहे ते कळतं. क्वेरी अलॉक पेज म्हणजे पेजिंगची जागा किती भरली. क्वेरी शेअर म्हणजे कुणाला किती हक्क दिलाय.

कुठल्या आज्ञा चालतील ते युजरच्या क्लासवर, म्हणजे परवानगीच्या प्रकारावर ठरतं. साध्या जी क्लासच्या युजरला यातलं थोडंच दिसतं. पूर्ण चित्रासाठी ई क्लास लागतो (क्वेरी अलॉकसाठी डी). तो मागताना सुरक्षा विभागाला लेखी कारण द्यावं लागेल, तेव्हा अर्ज आजच टाका. आमच्याकडे त्याला टूलच्या परवान्यापेक्षा जास्त दिवस लागले.

लिनक्सच्या आतून व्हीएमसीपी ही आज्ञा वापरून सीपीला तेच प्रश्न विचारता येतात. एस३९० टूल्समधलं हिपटॉप तर टॉपसारखंच, फक्त सगळ्या गेस्टची यादी दाखवतं. पण त्यासाठी त्या लिनक्स गेस्टला बी क्लास द्यावा लागतो. उत्साहात प्रॉडक्शनच्या गेस्टला बी क्लास देऊन बसू नका, त्यासाठी एक वेगळा छोटा गेस्ट ठेवा.

आता मुख्य गोष्ट, इथे जरा रेंगाळतो.

आमच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हाही पट्टी खरंच सांगत होती. पण पट्टी फक्त किती चढलं ते सांगते. का चढलं आणि अजून किती चढेल हे हवं असेल तर कोयना धरणातून विसर्ग किती सुरू आहे आणि हरिपूरच्या संगमावर वारणा किती फुगलीय ते बघावं लागतं. लिनक्समधला टॉप म्हणजे पुलावरची पट्टी. त्यात एसटी नावाचा रकाना असतो, स्टील टाइम. गेस्टला सीपीयू हवा होता, पण हायपरवायझरने दिला नाही, असा तो वेळ. तो वीस टक्के दिसला की गेस्ट उपाशी आहे एवढं कळतं. ताट कुणी पळवलं हे त्या गेस्टच्या आत बसून कधीच कळत नाही. ते सीपीच्या डेटात दिसतं. आणि सीपीलाही पुरेसं मिळत नसेल, म्हणजे शेजारच्या एलपारने ओढलं असेल, तर एलपारचे आकडे बघावे लागतात.

त्या महिनाअखेरच्या रात्री आमचं हेच झालं असावं. सिद्ध करायला मात्र हातात काही नाही.

म्हणून फक्त लिनक्सच्या आतून बघणारं टूल, कितीही देखणे डॅशबोर्ड असले तरी, एकटं पुरत नाही. आणि फक्त सीपीकडून बघणारंही पुरत नाही, कारण सीपीला गेस्ट ही एक बंद पेटी दिसते. आत डेटाबेस फिरतोय की कुणाची स्क्रिप्ट अडकलीय हे त्याला माहीत नसतं. दोन्ही बाजू एकाच घड्याळावर, एकाच पडद्यावर आणणारं टूल हवं.

३ : मॉनिटर डेटा साठवायला आजच लागा

हरिपूरला पूर्वी हळद पेवात ठेवायचे. जमिनीखालचे खड्डे, माल आत टाकला की भाव येईल तेव्हा काढायचा. मॉनिटर डेटाचं तसंच आहे. कच्चा माल आत्ता पेवात टाका, पॉलिश कुठल्या टूलने करायचं ते नंतर ठरवा.

सीपी हे आकडे मॉनडीसीएसएस नावाच्या सेव्ह्ड सेगमेंटमध्ये (मेमरीतल्या सामायिक भागात) टाकतं आणि स्टार-मॉनिटर ही सिस्टिम सर्व्हिस ते हवं त्याला देते. तिथून उचलून डिस्कवर लिहायचं काम मॉनराइट करतं, आणि ते झेड/व्हीएमसोबतच येतं. जो युजर हे चालवणार त्याच्या डिरेक्टरी नोंदीत दोन ओळी हव्यात: नेमसेव्ह मॉनडीसीएसएस, आणि आययूसीव्ही स्टार-मॉनिटर एमएसजीलिमिट २५५. मग मॉनिटर सॅम्पल इनेबलने हवे ते डोमेन (मोजणीचे गट) सुरू करायचे आणि मॉनिटर स्टार्ट द्यायचं. काय सुरू आहे ते क्वेरी मॉनिटर सांगतं.

डेटा दोन प्रकारचा असतो. सॅम्पल म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेली मोजणी. सेटिंगमधलं अंतर बदललेलं नसेल तर दर मिनिटाला. इव्हेंट म्हणजे काही घडलं की लगेच नोंद. सॅम्पलमध्ये प्रोसेसर, स्टोरेज, युजर, आय/ओ, नेटवर्क हे डोमेन सगळ्यांसाठी सुरू ठेवा.

सापळा : इव्हेंटमध्ये सीक आणि शेड्युलर हे डोमेन "ऑल" करू नका. मी केलं होतं. सीकमध्ये डिस्कच्या हालचालीची नोंद येते, आणि डिस्क दिवसभर काय करते ते तुम्हाला माहीतच आहे. दुपारपर्यंत मॉनराइटची डिस्क भरली आणि पुढचा डेटा गेला. सीनियर मॅडमनी एवढंच विचारलं, "अहो, पंचनाम्यासाठी कॅमेरा लावला की लग्नाचं शूटिंग?" हे दोन डोमेन एखाद्या विशिष्ट शंकेसाठी, थोड्या वेळापुरते, ठरावीक डिव्हाइस किंवा युजरवरच लावायचे.

जागा किती लागेल हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, ते गेस्ट आणि डिव्हाइसच्या संख्येवर ठरतं. एक दिवस, तोही महिनाअखेरचा, साठवून बघा आणि दिवसांनी गुणा.

दुसरा सापळा : मॉनिटरची सेटिंग सगळ्या सिस्टिमची मिळून एकच असते. दोन टूल्स एकाच वेळी तोच डेटा वाचू शकतात, पण एकाच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टने सॅम्पलचं अंतर बदललं की दुसऱ्याचेही ग्राफ बदलतात. ट्रायलमध्ये हे हमखास होतं.

४ : बाजारात काय आहे

परफॉर्मन्स टूलकिट. आयबीएमचंच, झेड/व्हीएमसोबत पर्यायी फीचर म्हणून येतं. तुमच्या करारात त्याचा परवाना आहे की नाही ते आधी तपासा. कधी कधी तो असतो आणि कुणाला माहीत नसतो. याचं मूळ एफकॉन/ईएसए या जुन्या प्रॉडक्टमध्ये आहे, म्हणून पडद्यांचे नंबर आजही एफसीएक्सने सुरू होतात : एफसीएक्स १०० सीपीयूचा, ११२ युजरचा, १०८ डिव्हाइसचा. पर्फएसव्हीएम या मशिनमध्ये चालतं, ३२७० वरही (मेनफ्रेमच्या टर्मिनलवर) दिसतं आणि ब्राउझरमध्येही, आणि मॉनराइटने साठवलेल्या जुन्या फाइलीही वाचतं. पडदे ओळखीचे व्हायला दोन महिने लागतात, त्यानंतर मात्र दुसरं काही हातात धरवत नाही. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत. यासोबत आता झेड/व्हीएम परफॉर्मन्स डेटा पंप नावाची सोयही आहे. ती मॉनिटर डेटा अशा रूपात बाहेर पाठवते की ग्राफाना-सारख्या डॅशबोर्डवर दाखवता येतो. कंपनीत बाकी सगळं ग्राफानावर असेल तर याची चौकशी नक्की करा.

व्हेलॉसिटी सॉफ्टवेअरचं झेडव्हीपीएस. आधीचं नाव ईएसएएलपीएस. ही कंपनी १९८८ पासून व्हीएमच्याच कामात आहे. सीपीचा डेटा आणि लिनक्सकडून एसएनएमपीने (नेटवर्कवरून आकडे मागायच्या पद्धतीने) आणलेला डेटा एकत्र मांडणं हा याचा मुख्य मुद्दा. इतिहास आणि क्षमता-नियोजन हे तुमचे मोठे प्रश्न असतील तर याची ट्रायल मागा.

ओमेगामॉन. मोठ्या संस्थांत झेड/ओएसवर (मेनफ्रेमच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) आधीच असतं, म्हणून झेड/व्हीएमसाठीही सुचवलं जातं. एक लक्षात ठेवा, झेड/व्हीएमचे आकडे ते परफॉर्मन्स टूलकिटकडूनच घेतं. म्हणजे टूलकिट टळत नाही, त्यावर अजून एक मजला चढतो.

घरगुती जुगाड. मॉनराइट, रेक्स भाषेतल्या थोड्या स्क्रिप्ट, लिनक्सवर सार ही आकडे साठवणारी आज्ञा. लहान सिस्टिमला पुरतं. पण स्क्रिप्ट लिहिणारा नोकरी बदलून गेला की त्या स्क्रिप्टकडे बघायला कुणी धजत नाही, हे गृहीत धरा.

५ : एजंटचा खरा खर्च मोजा

टूलच्या किमतीवर सगळे घासाघीस करतात, एजंटच्या खर्चाकडे कुणी बघत नाही.

साध्या सर्व्हरवर मॉनिटरिंग एजंट अर्धा टक्का सीपीयू खात असेल तर कुणाला काही वाटत नाही. इथे सीपीयू सगळ्यांचा मिळून एक आहे. २०० गेस्टवर प्रत्येकी अर्धा टक्का म्हणजे शंभर टक्के, म्हणजे एक अख्खा आयएफएल, फक्त मोजायला. हा हिशोब मी आधी मॅनेजरला कागदावर करून दाखवला आणि मगच पुढची चर्चा झाली.

दुसरा खर्च दिसत नाही. झेड/व्हीएमवर खऱ्या मेमरीपेक्षा जास्त मेमरी वाटता येते, कारण निवांत पडलेल्या गेस्टची पानं काढून दुसऱ्याला देता येतात. एजंट दर दहा सेकंदांनी जागा होऊन सीपीयू-मेमरी-डिस्क मोजत बसला, तर तो गेस्ट सीपीच्या नजरेत कधी निवांत होतच नाही. शंभर झोपलेले गेस्ट सतत कूस बदलत राहतात आणि पेजिंग वाढतं. मग तुमचंच टूल दाखवतं, "पेजिंग जास्त आहे." खुळ्यासारखं वाटतं, पण होतं.

म्हणून डेमोत विचारा : एजंट किती वेळाने जागा होतो? अंतर बदलता येतं का? गेस्ट निवांत असेल तर त्याला तसंच सोडता येतं का? तुमच्या डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये ॲपलडेटा मॉड्यूल असतील तर तेही बघा. ते गेस्टचे आकडे थेट सीपीच्या मॉनिटरकडे देतात, आणि त्यांचा टायमर गेस्टच्या सीपीयू-वेळेवर चालतो, त्यामुळे झोपलेल्याला उठवत नाहीत. त्यासाठी डिरेक्टरीत ऑप्शन ॲपलमॉन आणि मॉनिटरमध्ये ॲपलडेटा डोमेन सुरू हवं.

६ : व्हेंडरला बोलावण्याआधी ही फाइल तयार ठेवा

- क्वेरी सीपीलेव्हलचं आउटपुट आणि मशिनचा टाइप-मॉडेल
- आयएफएल किती, कुठल्या एलपारला किती, एलपारचं वेट किती
- गेस्टची यादी : मेमरी, व्हर्च्युअल सीपीयू, शेअर, कुठलं डिस्ट्रो, कुठली आवृत्ती
- एसएसआय क्लस्टर (एकत्र जोडलेल्या अनेक झेड/व्हीएम) असेल तर सदस्य किती आणि गेस्ट स्थलांतर करतात का
- गर्दीच्या दिवसांचं कॅलेंडर : महिनाअखेर, पगार, तिमाही
- सध्याचे सगळे परवाने, मुदतीसह
- सुरक्षा विभागाची आणि नेटवर्क पोर्टची मंजुरी
- एका वाईट दिवसाची मॉनराइट फाइल

शेवटच्या फाइलीबद्दल : तिच्यात युजरची नावं आणि डिव्हाइसचे तपशील असतात. गोपनीयतेचा करार झाल्याशिवाय ती बाहेर पाठवू नका, मग व्हेंडर कितीही गोड बोलो.

७ : ट्रायल

तीस दिवसांची ट्रायल महिन्याच्या दोन तारखेला सुरू करा, म्हणजे महिनाअखेर तिच्यात येतेच. पंधरा दिवसांचीच देत असतील तर शेवटचे पंधरा मागा. पहिला आठवडा इन्स्टॉल आणि परवानग्यांतच जातो.

मग आकडे पडताळा. एकाच गेस्टचा, एकाच मिनिटाचा सीपीयू तीन ठिकाणी बघा : नवीन टूल, टूलकिट किंवा इंडिकेट युजर, आणि लिनक्सच्या आत. जुळले नाहीत तर घाबरू नका, आधी छेद बघा. एक टूल एका प्रोसेसरच्या शंभर टक्क्यांत मोजतं, तिथे चार व्हर्च्युअल सीपीयूचा गेस्ट चारशेपर्यंत जाईल. दुसरं सगळ्या प्रोसेसरच्या एकूणात मोजतं. आमच्याकडे यावरून दोन टीमचं चांगलंच वाजलं होतं, दोघंही बरोबर असताना.

टी/व्ही रेशो दाखवतंय का बघा. एकूण सीपीयू-वेळ भागिले गेस्टने स्वतः वापरलेला वेळ. गेस्टने एक सेकंद वापरला आणि त्याच्यापायी सीपीने अजून ०.४ सेकंद घातला, तर रेशो १.४. तो एकाच्या जवळ असेल तर ठीक. अचानक वाढला तर सीपी त्या गेस्टसाठी फार राबतंय, आणि आय/ओ किंवा पेजिंगकडे बघायची वेळ आली. हा आकडा नसलेलं टूल झेड/व्हीएमसाठी बनवलेलं नाही, दुसरीकडून आणून बसवलंय असं मी समजतो.

व्हेंडरला अजून दोन प्रश्न : झेड/व्हीएमची नवीन आवृत्ती आली की तुमचा पाठिंबा किती दिवसांत येतो? आणि आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेले असताना फोन केला तर उचलतं कोण?

८ : सरावाला मशिन नसेल तर

ऑफिसच्या सिस्टिमवर हात साफ करू नका. घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस हा मोफत एम्युलेटर चालतो, त्यावर जुनं व्हीएम/३७० टाकता येतं. त्यात झेड/व्हीएमचा मॉनिटर डेटा नाही, पण सीपी-सीएमएसची सवय होते आणि इंडिकेट आज्ञाही आहे. लिनक्सची बाजू शिकायला आयबीएमच्या लिनक्सवन कम्युनिटी क्लाउडवर मर्यादित काळासाठी फुकट व्हर्च्युअल मशिन मिळतं. तिथे प्रॉक-सिसइन्फो फाइल उघडा. खाली कुठलं हायपरवायझर आहे आणि एलपार कसा आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. टॉपमधला एसटी रकाना दोन दिवस नुसता बघत राहा.

९ : आणि आयपीएलनंतर (क्रिकेट नव्हे, सिस्टिमचा रीबूट)

टूल बसलं, ग्राफ सुरू झाले, सगळे खूश. मग एका रविवारी देखभालीसाठी सिस्टिम आयपीएल होते, आणि बुधवारी लक्षात येतं की रविवारपासून डेटाच नाही. पर्फएसव्हीएम आणि मॉनराइट आपोआप सुरू व्हायला ऑटोलॉग१ च्या प्रोफाइलमध्ये त्यांच्या ओळी हव्यात, आणि मॉनिटर स्टार्ट पण तिथेच किंवा टूलच्या प्रोफाइलमध्ये. टीमच्या आयपीएल चेकलिस्टमध्ये दोन आज्ञा वाढवून घ्या : क्वेरी नेम्स आणि क्वेरी मॉनिटर. आमच्या चेकलिस्टमध्ये त्या आता सगळ्यात वर आहेत, ॲप्लिकेशनला हिरवा कंदील देण्याच्याही आधी.